उसन्या आवाजाचा खुनी

माझ्या घरातला उशीचा एकही अभ्रा पांढरा राहिला नाही, त्याला कारण एकच माणूस, लिआंद्रो मोंतेनेग्रो. केस काळे करायचं कसलंसं तेल तो डोक्यावर ओतायचा आणि रात्रीतून ते सगळं उशीवर उतरायचं. सकाळी साहेबांचं डोकं करडं आणि माझा अभ्रा काळा. अभ्रा त्याच्या नाकासमोर धरला की मान तिरकी करून म्हणायचा, "विसीबाई, कलावंताच्या खुणा आहेत या. उद्या लोक बघायला येतील."

"लोक यायचे तेव्हा येतील," मी म्हणायची, "तोवर हा घ्या साबण."

माद्रिदला लावापिएस भागात मी खोल्या भाड्याने देते, जेवणासकट. भाडेकरू आला की पोलिसांकडे नाव कळवावं लागतं, म्हणून ओळखपत्र बघावंच लागतं. मोंतेनेग्रो म्हणे! ओळखपत्रावर नाव एउतिमियो. गाव ला मांचातलं, जिथे केशर पिकतं. बाप लवकर गेला. आई कितेरिया दुसऱ्यांच्या घरी बसून केशराच्या फुलांतले तुरे खुडायची, रात्रीचा दिवस करायची, आणि या दिवट्याने अठराव्या वर्षी गावात आलेल्या नाटक मंडळीच्या गाडीत बसून पळ काढला. नवीन नावाचं आईला कधी सांगितलं नाही. बापाचं नाव टाकलं हे कळलं असतं तर तिने कानाखाली जाळ काढला असता, आणि बरोबरच होतं तिचं.

नाटकात काय दिवे लावले, ते तोच जेवताना सांगायचा. म्हणजे तो सांगायचा एक आणि मला कळायचं दुसरंच. जन्मभर त्याने तबकं आत नेली आणि बाहेर आणली. "बाईसाहेब, गाडी तयार आहे," हे त्याचं मुख्य भाषण. एकदा अल्बासेतेला नायकाला ताप आला आणि आठवडाभर यालाच उभं केलं. तो आठवडा त्याने पुढे तीस वर्षं चघळला. रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात बसलेला सांगणारा एकेक ओळ पुटपुटायचा आणि हे महाशय ती उचलून पुढे फेकायचे. पाठांतर म्हणून नाही. "ओळी पाठ करणं हे कारकुनाचं काम," असं वर तोंड करून सांगायचा. मी कप घेऊन आत जायची, नाहीतर माझ्या हातून काहीतरी फुटलं असतं.

आवाज म्हणाल तर नाकातला. आणि वाक्याच्या शेवटी वर चढायचा, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारल्यासारखा. माद्रिदमध्ये इतकी वर्षं काढून, अंगावर काळी शाल पांघरून, हातात काठी मिरवून, त्याचं गाव काही घशातून गेलं नव्हतं.

आईला तो नाताळात फोन करायचा. तिकडे गावच्या फोनघरात म्हातारीला कोणीतरी हाताला धरून आणायचं, कारण काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. इकडे हा माझ्या बोळातल्या फोनवर ओरडायचा, "हो आई, मुख्य काम! हो, नायकच!" तिने त्याला एकदाही रंगमंचावर पाहिलं नव्हतं. डोळे होते तोवर यानेच कधी बोलावलं नाही. बोलावणार कशाला, तबक बघायला? आता तिचं एकच मागणं होतं, प्रत्येक फोनमध्ये तेच. "बघायचं तर राहिलंच रे तिमो. मरायच्या आधी एकदा तुला ऐकू दे."

फोन ठेवला की हा बराच वेळ भिंतीकडे बघत उभा राहायचा. मग जेवायला यायचा आणि रस्सा खारट आहे म्हणायचा.

आणि मग लॉटरी लागावी तसा तो सिनेमा आला. बेकार नट ज्या कॅफेत एका कॉफीवर दुपार काढतात तिथे बिबियानो नावाचा एक दाढीवाला पोरगेला दिग्दर्शक आला. त्याला भयपट काढायचा होता. जगाने विसरून टाकलेला एक म्हातारा नट, जे जे त्याला विसरले त्यांना एकेक करून गळा आवळून मारतो, अशी गोष्ट. त्याने टेबलांवरून नजर फिरवली आणि बोट थेट आमच्या या रत्नावर ठेवलं.

"मला काय म्हणाला माहीत आहे?" त्या रात्री जेवताना लिआंद्रो छाती फुगवून म्हणाला. "म्हणाला, तुम्हाला अभिनय करायचीसुद्धा गरज नाही. तुम्ही जसे बसला आहात तसेच मला हवे आहात!"

मी म्हटलं, "अगंबाई! आणि तुम्ही यावर आभार मानलेत?"

"बाई, तुम्हाला कलेतलं काही कळत नाही."

गोष्ट घडत होती लंडनमध्ये. का, तर सिनेमे पास करणाऱ्या सरकारी तपासनिसांचं म्हणणं, असले खुनी आपल्या देशात निपजतच नाहीत. परदेशात खुशाल निपजोत. त्यामुळे हा झाला एक इंग्रज सरदार नट, आणि लंडन उभं राहिलं शहराबाहेरच्या एका पडक्या मठात, ओला कोंडा जाळून केलेल्या धुक्यात. लिहिणारा शहाणा लंडनला कधी गेलेला नव्हता. त्याच्या लंडनमध्ये रात्री घरी परतलेला माणूस रस्त्यात टाळ्या वाजवतो आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत रखवालदार दार उघडायला येतो. अगदी आमच्या गल्लीसारखा!

लिआंद्रोने त्याच संध्याकाळी आईला फोन केला. "आई, सिनेमा! सगळ्यात मोठं काम माझं! तू यायचंस. तुला ऐकायला मिळेल." तिकडून म्हातारीचं रडणं मला बोळाच्या या टोकाला ऐकू आलं. खोटं कशाला बोलू, मलाही त्या दिवशी बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा हा माणूस फोनवर खरं बोलत होता.

त्याच्या संवादांचे कागद आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होते. लसूण सोलता सोलता मी म्हटलं, "वाचा की. मी समोरच्याचं बोलते, तुम्ही तुमचं बोला. काम मोठं आहे, पाठ करा."

तो हसला, तेही एका बाजूने. "विसीबाई, सिनेमात चित्रण करताना आवाज घेतच नाहीत. कॅमेराच इतका खडखडतो की काय सांगू. नुसते ओठ हलवायचे. नंतर अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर उभं राहायचं, कागद हातात असतो, आणि बोलायचं. तेव्हा बघा माझी कमाल."

"पण ओठ निदान वाक्याच्या मापाने हलायला नकोत?"

"तुम्ही लसूण सोला."

मी सोलला. दुसरं काय करणार!

चित्रणाच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी हा खालचे दात माझ्या ग्लासात विसरून गेला. बस बदलत मी ते रुमालात बांधून मठापर्यंत नेले. पोचले तर आत धूर, दिवे, आणि मधोमध लिआंद्रो एका जाड्या माणसाच्या मानेभोवती पडद्याची दोरी आवळत होता. डोळे फिरवत होता, ओठ थरथरवत होता. भीती वाटावी असा दिसत होता, ते मान्य. मग मी जरा पुढे सरकले आणि तो काय बोलतोय ते कानावर आलं.

"सोमवारी मसूर," तो दात नसलेल्या तोंडाने फुत्कारत होता, "मंगळवारी पालक! बुधवारी हरभऱ्याचा रस्सा! आणि शुक्रवारी... शुक्रवारी सुका मासा!"

माझ्या खानावळीचा बेत! माणसाचा जीव घेताना! मी तिथेच कपाळावर हात मारला. बिबियानो खूश होऊन ओरडला, "छान! तोंड हलतंय ना, बस्स!" मी दात लिआंद्रोच्या हातात दिले आणि म्हटलं, "गुरुवार राहिला." तो माझ्याकडे असा बघून गेला जसं काही माझंच चुकलं.

आवाज भरायचा दिवस उजाडला. सकाळी दोन कच्ची अंडी गिळून, गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून साहेब निघाले. कोणाशी बोलले नाहीत, आवाज जपत होते. संध्याकाळी परत आले तेव्हा मफलर हातात होता आणि चेहरा उतरलेला. मी बशी पुढे ठेवली. त्याने खाल्लं नाही.

"काय झालं?"

"जुळत नाही," तो म्हणाला.

"काय जुळत नाही?"

"ओठ." तो बशीकडे बघत होता. "पडद्यावर मी येतो, बोलायला लागतो, आणि कागदावरचं वाक्य संपलं तरी तोंड हलतंच राहतं. नाहीतर तोंड मिटतं आणि वाक्य उरतं. दिवसभर केलं. परत परत केलं."

मला हसू आवरेना. "जुळेल कसं? कागदावर 'मी तुझा जीव घेईन' आणि तोंडात मंगळवारचा पालक! मी सांगितलं नव्हतं?"

त्याने मफलर टेबलावर टाकला. मग खालच्या आवाजात सांगितलं की त्यांनी हासिंतोला बोलावलंय. माझं हसू थांबलं. हासिंतो म्हणजे आमच्याकडे घरोघर माहीत असलेला आवाज. अमेरिकेचा कोणताही नायक आमच्या पडद्यावर तोंड उघडतो तेव्हा बोलतो हासिंतोच. आमची दारवान बाई रेमिहिया त्याने रेडिओवर साबणाची जाहिरात केली तरी हातातला झाडू टाकून उभी राहते. त्या माणसाने नंतर म्हणे अर्ध्या दिवसात माझ्या मसुराचे शाप करून टाकले आणि पालकाची धमकी. एक ओठ इकडचा तिकडे झाला नाही.

"आणि तुम्ही?"

"मला रखवालदार दिला. त्याचं काम केलेला माणूस गावी गेलाय. दोन वाक्यं आहेत. आणि एक किंकाळी."

म्हणजे पडद्यावर याचाच चेहरा, हासिंतोच्या आवाजात, दुसऱ्याच एका चेहऱ्याचा गळा दाबणार, आणि किंकाळी मात्र याची. असल्या माणसाच्या नशिबी असलंच काहीतरी यायचं. पाठांतर म्हणजे कारकुनाचं काम ना? घ्या आता!

"आईला फोन करा," मी म्हटलं. "सांगा तिला, येऊ नकोस."

"नाही सांगणार."

"अहो, ती काय बघायला येतेय? ती ऐकायला येतेय! तुमचा चेहरा तिच्या काय कामाचा?"

"मी सांगेन, आवाज यंत्रातून येतो म्हणून बदलतो. तिला काय कळतंय, गावची बाई."

त्या क्षणी मला तो इतका हलकट वाटला की मी समोरची बशी उचलली आणि रस्सा पातेल्यात परत ओतला. स्वतःच्या आंधळ्या आईला दुसऱ्याचा आवाज आपला म्हणून खपवायला निघाला होता. एवढी लबाडी करण्यापेक्षा ओळी पाठ करणं सोपं नव्हतं का?

सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी कितेरिया बसने आली. काळ्या कपड्यांतली साडेचार फुटांची बाई, डोक्याला काळा रुमाल, एका हातात पाय बांधलेली कोंबडी आणि दुसऱ्या हातात फडक्याच्या गाठीत केशर, माझ्यासाठी. तिने त्याचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "खंगलास रे." मग केसांवरून हात फिरवून बोटं हुंगली. "हे काय फासलंयस?"

"औषध आहे आई."

रात्री तो खोलीत गेल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली. हात मांडीवर. "बाई, खरं सांगा. काम चांगलं करतो का हो माझा मुलगा?"

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! मी म्हटलं, "आजी, उद्या तुम्हीच ऐका."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आमच्याच वस्तीतल्या थिएटरात अख्खी गल्ली लोटली होती. बाहेर भिंतीएवढं चित्र लावलेलं. त्यावर लिआंद्रो, डोळे वटारलेले, हातात दोरी. आत सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा कडकड आवाज. तो शाल पांघरून मधे बसला, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी, आणि मागे रेमिहिया. सिनेमा सुरू झाला. धूर, मठ, लंडन. आणि खुन्याने तोंड उघडलं.

बियांचा आवाज थांबला. खोल, मखमली, सावकाश. हासिंतो! मागून रेमिहियाचा सुस्कारा ऐकू आला. पडद्यावरचा तो भंपक माणूस खरोखर सरदार वाटायला लागला. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला तर ठाऊक होतं की तो मसूर म्हणतोय.

लिआंद्रो आईच्या कानाशी वाकला. "आई, हा मी."

म्हातारीने मान थोडी वाकडी केली. ऐकलं. "हा? हा तू?"

"यंत्रातून येतो ना आवाज. म्हणून तसा वाटतो."

"हं," ती म्हणाली. पण ती खुर्चीत जरा मागे सरकली, आणि तिचे हात मांडीवर पडले, घरी परत जायला निघालेल्या बाईसारखे. त्याने ते बघितलं. मीही बघितलं.

दोन खून झाले. मग रात्रीचा रस्ता आला. खुनी धुक्यात उभा राहून टाळ्या वाजवतो. लांबून, पडद्याच्या बाहेरून, किल्ल्यांचा खुळखुळाट आणि नाकातली, शेवटी वर चढत जाणारी हाक आली.

"आलोऽऽ! आलोऽऽ!"

म्हातारी ताठ झाली. "तिमो!" ती मोठ्याने म्हणाली. लोक वळून बघायला लागले.

"आई, हळू..."

"अरे तिमो तो! खळ्यावरून हाक मारली की असाच ओरडायचा!"

पडद्यावर रखवालदार आला, कंदील वर धरून. "कोण आपण साहेब? ओळखलं नाही."

"एके काळी या शहराच्या भिंतीभिंतीवर माझं नाव होतं," हासिंतो मखमली आवाजात म्हणाला, आणि दोरी आवळली गेली.

किंकाळी आली. आता सांगते, या माणसाने तीस वर्षांत काही केलं असेल तर ती किंकाळी. त्या अंधाऱ्या खोलीत त्याने काय आठवून ती काढली असेल ते त्यालाच माहीत. कोंबडीसारखी सुरू झाली आणि मग तिच्यात असं काही आलं की मी खुर्चीचा हात धरला.

कितेरिया उठून उभी राहिली. "सोड त्याला! माझ्या पोराला सोड, नालायका! सोड!"

थिएटर हसलं. मग तिचा आवाज फुटला आणि कोणी हसेना. लिआंद्रो तिला खाली ओढत होता, "आई, मी इथे आहे. हा बघ. इथे आहे." तिने दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, कपाळ, गाल, गळा. गळ्यावर हात बराच वेळ ठेवला. घामाने म्हणा, कशाने म्हणा, त्याच्या डोक्याचं तेल गालांवर उतरलं होतं आणि म्हातारीची बोटं काळी झाली होती.

"तूच होतास ना तो? मेला तो?"

आता बोलेल यंत्राचं काहीतरी, असं मला वाटलं.

"हो आई," तो म्हणाला. "मीच होतो."

"मग मघाशी काय सांगत होतास, तो मेला खुनी तू म्हणून? आईची चेष्टा करतोस?"

"चेष्टाच केली."

त्यानंतर तिने सिनेमा असा ऐकला की विचारू नका. खुनी तोंड उघडायचा आणि ही दात खायची. "बोलतो बघ कसा साखर पेरून! तुझ्या जिभेत किडे पडोत! मेल्या, तुला आई नाही का रे?" याचाच चेहरा पडद्यावर भिंतीएवढा, आणि याची आई त्याला शिव्या घालतेय, आणि हा तिच्या शेजारी बसून दर वेळी "हो आई, हो आई" करतोय. शेवटी खुन्याच्या अंगावर नाटकघराचं झुंबर कोसळलं तेव्हा म्हातारीने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. "बरं झालं!" ती म्हणाली. "सुटलं जग."

"बरं झालं आई," तो म्हणाला.

बाहेर आलो तर दिवेलागणीची वेळ आणि दारात ही गर्दी. थिएटरच्या मालकाने फोटोवाला आणून ठेवला होता, वर्तमानपत्राचा. पोरी कागद-पेन्सिल घेऊन उभ्या. याच एका गोष्टीसाठी हा माणूस आईला सोडून पळाला होता, तबकं वाहत हिंडला होता, माझ्या अभ्र्यांची वाट लावत बसला होता. मालक त्या मोठ्या चित्राखाली उभा राहून हात हलवत ओरडला, "मोंतेनेग्रो साहेब! इकडे! मोंतेनेग्रो, चित्राशेजारी उभे राहा!"

लिआंद्रो थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. एक पाय त्याचा तिकडे वळलाच होता.

"काय गडबड आहे रे?" म्हातारीने विचारलं. ती त्याच्या दंडाला लटकली होती.

"फोटो काढताहेत आई."

"कुणाचा?"

त्याने चित्राकडे पाहिलं. "त्या खुन्याचा."

"मग आपण कशाला थांबायचं इथे? चल. मला त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही." तिने त्याचा दंड ओढला. "आणि तू परत एकदा म्हण ना ते. 'आलो' म्हणतोस ते."

"घरी म्हणतो."

"मोंतेनेग्रो! अहो मोंतेनेग्रो!" मालकाचा घसा बसायला आला. रेमिहियाही ओरडायला लागली. जन्मभर हा मेला ज्या हाकेसाठी कान टवकारून बसला होता ती अख्ख्या चौकात घुमत होती.

"कुणाला एवढं बोलावताहेत?" म्हातारीने विचारलं.

"कुणास ठाऊक."

मला वाईट वाटलं, आणि असल्या माणसासाठी वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच रागही आला. फोटोवाल्याने मला विचारलं, "तो खुनी कुठे गेला हो?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी खानावळ चालवते." तोवर ती दोघं रस्ता ओलांडत होती. शालीचं एक टोक जमिनीवर घासत होतं आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"जपून आई," तो म्हणत होता, "इथे पायरी आहे."